हृदयाचा काप वाचताना

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाकी काही असो-नसो, मायक्रोस्कोप असतो. जाफराबादसारख्या गावी त्याच्याकडे मुख्यतः दोन कामे येतात. तापाच्या रुग्णाच्या बोटातून घेतलेल्या रक्तात मलेरियाचा परजीवी शोधायचा आणि जुना खोकला असलेल्याच्या बेडक्यात क्षयाचे जंतू. दोन्ही कामांना चिकाटी लागते, डोळे शिणतात, पण निकाल सरळ असतो. निळ्या पार्श्वभूमीवर तांबडी काडी दिसली की क्षय. तंत्रज्ञ ती वैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवू शकतो, अधिकारी रुग्णाच्या मुलाला दाखवू शकतो, आणि तिघांनाही एकच गोष्ट दिसते. ज्याने आजार केला तो स्वतः काचेखाली हजर असतो.

या पुस्तकाचा विषय असलेल्या आजारात तो बहुधा हजर नसतो. मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह. विषाणू, जिवाणूंची विषे, औषधे, शरीराचीच बिथरलेली प्रतिकारशक्ती अशा कितीतरी कारणांनी तो होतो. साध्या मायक्रोस्कोपला विषाणू दिसत नाही, विष दिसत नाही, औषधही दिसत नाही. दिसतात त्या मेलेल्या स्नायूपेशी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या दाहपेशी. गुन्हेगार निघून गेल्यावर केलेल्या पंचनाम्यासारखे हे वाचन आहे. कोण कुठे पडले आहे, कोण बाजूला उभे आहे, आणि बाजूला उभा असलेला मारेकरी आहे की नंतर जमलेल्या गर्दीतला, हे ठरवायचे. माझ्या मते हृदयाचा काप वाचण्याचे सगळे शास्त्र या शेवटच्या प्रश्नात आहे. लेखिकेने तो पुस्तकभर लावून धरला आहे, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो. तिच्याशी माझा एक मतभेद आहे, तोही पुढे येईलच.

निरोगी हृदयाचा काप मन लावून पाहिल्याशिवाय आजारी हृदयाच्या वाटेला जाऊ नये. फॉर्मलीनमध्ये टिकवलेला आणि पॅराफिनच्या मेणात बसवलेला तुकडा मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉन जाडीचा कापतात आणि त्याला हिमॅटॉक्सिलिन व इओसिन हे दोन रंग देतात. पहिल्याने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, दुसऱ्याने बाकीचा सगळा पसारा गुलाबी. हृदयाच्या स्नायूपेशी लांबट, फांद्या फुटलेल्या, टोकाला टोक जोडलेल्या असतात. केंद्रक मधोमध, अंगावर बारीक आडव्या रेषा. पेशींमधल्या चिंचोळ्या जागेत केशवाहिन्या, थोडे तंतू आणि एखाददुसरा लिम्फोसाइट, म्हणजे दाहात गर्दी करणारी पांढरी पेशी. हा एखाददुसरा लिम्फोसाइट निरोगी हृदयातही असतो, हे विसरायचे नाही. शिवाय केशवाहिनीच्या अस्तरातल्या पेशीचे केंद्रक आडवे कापले गेले की तेही तसेच गोल आणि गडद दिसते. नव्या विद्यार्थ्याला सुरुवातीला प्रत्येक हृदयात मायोकार्डायटिस दिसू लागतो, तो यामुळे.

गर्दी किती झाली म्हणजे दाह म्हणायचा, यावर जाणत्यांचेही वर्षानुवर्षे एकमत नव्हते. एकाच कापाला एक जण मायोकार्डायटिस म्हणे, दुसरा म्हणे काही नाही. अखेर थॉमस अरेट्झ, मार्गारेट बिलिंगहॅम आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत डॅलसला एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलेली व्याख्या १९८७ मध्ये छापून आली. तिला डॅलस निकष म्हणतात. दाहपेशींचा शिरकाव हवा, आणि त्याला लागून असलेल्या स्नायूपेशींचा नाश किंवा ऱ्हासही हवा. हा नाश रक्तपुरवठा तुटल्याने होतो त्या जातीचा नसावा. दोन्ही गोष्टी सापडल्या तर आजार सक्रिय. नुसताच विरळ शिरकाव असेल, पेशी शाबूत असतील, तर सीमेवरचा. व्याख्या एवढीच, पण तिच्यातला 'लागून' हा शब्द मोठा आहे. गर्दी एकीकडे आणि मेलेल्या पेशी दुसरीकडे असतील तर दोघांचा संबंध जोडता येत नाही.

व्याख्या झाली आणि एक अडचण उघडी पडली. अमेरिकेत मायोकार्डायटिसवर प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांची चाचणी घ्यायची म्हणून संशयित रुग्णांच्या हृदयाचे तुकडे तपासले. मेसन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निकाल छापला: २२३३ रुग्णांपैकी अवघ्या २१४ जणांच्या तुकड्यांत व्याख्येत बसणारा दाह मिळाला. म्हणजे दहांत एक. बाकीच्या नऊ जणांना आजार नव्हता, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. दाह हृदयभर सारखा पसरलेला नसतो. तो ठिपक्याठिपक्यांनी असतो, आणि चिमट्याने काढलेला तुकडा असतो मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. मायोकार्डायटिसने मृत्यू झाल्याचे पक्के ठाऊक असलेल्या हृदयांतून असे तुकडे काढून १९८९ मध्ये पडताळा घेतला गेला, तेव्हा एकाच तुकड्यात आजार सापडण्याची शक्यता चारांत एक निघाली. पाचहून अधिक तुकडे घेतले तरी ती दोन-तृतीयांशाच्या आसपासच राहिली. म्हणून अहवालात 'दाह आढळला नाही' असे लिहावे, 'दाह नाही' असे कधीच लिहू नये. या एका वाक्यासाठी लेखिकेने आख्खे प्रकरण खर्ची घातले आहे आणि ते योग्यच केले आहे.

जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा काढता येणे हीच मुळात नवी गोष्ट. १९६२ मध्ये टोकियोच्या साकाकिबारा आणि कोन्नो यांनी शिरेतून आत सरकवायचा चिमटा वापरून दाखवला. पुढच्या दशकात स्टॅनफर्डला फिलिप केव्हज यांनी तो सुधारला, कारण तिथे हृदयरोपण सुरू झाले होते आणि परके हृदय शरीर नाकारते आहे का, हे वरचेवर पाहावे लागत होते. त्याआधीचे मायोकार्डायटिसचे सगळे ज्ञान मृतांच्या हृदयांवरून आलेले. जर्मनीतल्या फीडलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या हृदयांचे वर्णन करून या आजाराला स्वतंत्र ओळख दिली, तीही शवविच्छेदनातलीच. तालुक्याच्या पातळीवर आजही तेच खरे आहे. चिमटा आत घालायला कॅथलॅब लागते, सरावलेला हात लागतो, आणि चुकून हृदयाला छिद्र पडलेच तर छाती उघडणारा सर्जन जवळ लागतो.

पुढचा इतिहास मी भराभर सांगतो, पुस्तकात तो सविस्तर आहे. लिम्फोसाइट डोळ्यांनी ओळखण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना रंग चढवणाऱ्या अँटिबॉडी आल्या आणि मोजणी नेमकी झाली. चौरस मिलिमीटरला किमान १४ दाहपेशी, त्यांत किमान ७ टी-लिम्फोसाइट, ही आज वापरली जाणारी मर्यादा. तुकड्यात विषाणूची जनुके शोधणारी पीसीआर आली. २००९ मध्ये एमआरआयचे निकष ठरले, २०१८ मध्ये ते सुधारले, आणि पुष्कळ रुग्णांचे निदान आता चिमट्याविना होते. असे असताना मायक्रोस्कोप हवाच कशाला? तर एमआरआय सूज दाखवतो, पण ती कोणत्या पेशींची हे सांगत नाही. इओसिनोफिल भरलेले दिसले तर रुग्णाला चालू असलेले एखादे औषधच शरीराला सोसत नसेल. ते थांबवावे लागते. मोठमोठ्या अनेककेंद्रकी पेशी आणि स्नायूचा व्यापक नाश दिसला तर तो जायंट सेल मायोकार्डायटिस, फार वेगाने मारणारा. त्यात प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे लवकर सुरू केली तर निभावते, नाहीतर हृदयरोपणच उरते. हे फरक काचेखालीच कळतात.

आता जाफराबाद. खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावरचे हे गाव जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बुलढाण्याच्या सीमेलगत आहे. लेखिकेने पुस्तक लिहिताना इथला वाचक डोळ्यांसमोर ठेवला, हे वाचून एखाद्याला नवल वाटेल. हृदयाची बायोप्सी जिथे होत नाही तिथल्या लोकांना तिचे काप दाखवून काय करायचे? याचे माझे उत्तर शेजारच्या भोकरदन तालुक्यात आहे.

तिथले देहेड हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे जन्मगाव. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचे आत्मचरित्र पुष्कळांनी वाचले आहे, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेही आठवत असेल. लोक त्यांना विंचवाचे डॉक्टर म्हणतात. पण विंचू माणसाला मारतो तो हृदयाच्या वाटेने, म्हणजे बावस्करांचे आयुष्यभराचे काम हृदयाच्या स्नायूवरचे आहे, हे आमच्या विकृतिशास्त्राच्या वर्गांतही क्वचितच सांगितले जाते.

सत्तरच्या दशकात ते महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावलेली माणसे तिथे आणली जात, त्यांत लहान मुले पुष्कळ. आधी ओकाऱ्या, दरदरून घाम, हातपाय थंडगार; मग नाडी धावू लागे, दम लागे, तोंडाला गुलाबी फेस येई आणि काही तासांत सारे संपे. आजार नवा नव्हता. मुंडले यांनी १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरते हे लिहिले होते. दोनच वर्षांनी त्याच नियतकालिकात त्रिनिदादचे पून-किंग यांनी विंचूदंशाच्या रुग्णांतले हृदयाचे बिघाड मांडले आणि लेखाच्या शीर्षकातच त्यांना मायोकार्डायटिस म्हटले.

नाव पडले की उपचार नावामागून चालू लागतात. दाह म्हटला की स्टिरॉइड. हृदय थकले म्हटले की डिजिटॅलिस. दोन्ही दिली जात होती आणि माणसे दगावत होती. बावस्करांनी खाटेशेजारी बसून रक्तदाब, नाडी, ईसीजी आणि हातापायांची ऊब यांच्या नोंदी ठेवल्या, आणि धोक्याची सूचना देणारी लक्षणे १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडली. त्यांतून दिसत होते ते दाहाचे चित्र नव्हते. विंचवाचे विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवते, आणि शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलावे लागते, आणि त्याच वेळी हा लोंढा स्नायूपेशींनाही जाळत असतो. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे औषध का नको? रक्तदाबासाठी मिळणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी तेच करते. तिचा अनुभव त्यांनी १९८६ मध्ये लॅन्सेटमध्येच प्रसिद्ध केला. गंभीर विंचूदंशात ४० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एका टक्क्यापर्यंत उतरले. २०११ मध्ये विंचवाच्या प्रतिविषाची प्राझोसिनला जोड देऊन त्यांनी केलेली चाचणीही ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली.

आमच्या शास्त्राच्या दृष्टीने यात एक अवघड गोष्ट आहे, ती झाकू नये. हा उलगडा काचेखाली झाला नाही. तो हात लावून झाला, थंड पाय ऊबदार होतात की नाही हे पाहून झाला.

काच मात्र हे सांगू शकली असती. तिच्यावर उत्तर होते. अ‍ॅड्रेनॅलिनच्या माऱ्याने मेलेली स्नायूपेशी वेगळी दिसते. तिच्यातले आकुंचनाचे तंतू एकमेकांवर चढून गोळा होतात आणि पेशीत आडवे, जाड, गडद गुलाबी पट्टे उमटतात. रक्तवाहिनी बंद पडून मेलेली पेशी अशी नसते. ती फिकी, सैल, ताणलेली असते. हे पट्टे हृदयभर विखुरलेले, इथे दोन पेशी, तिथे चार. एक-दोन दिवस गेले की मेलेल्या पेशी साफ करायला मॅक्रोफेज येतात, त्यांच्याबरोबर थोडे लिम्फोसाइट. नेमका त्या वेळचा काप कुणाच्या हातात पडला तर गर्दीही आहे, नाशही आहे, दोन्ही लागून आहेत. सांगा, डॅलस निकष पुरे झाले की नाही?

अशी फसगत आधीही झाली होती. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन औषध म्हणून शिरेतून दिल्यावर हृदयात होणाऱ्या बदलांना साकाच आणि कॅनन यांनी १९५८ मध्ये नॉरएपिनेफ्रिन मायोकार्डायटिस असेच नाव दिले. अधिवृक्क ग्रंथीच्या ज्या गाठीतून ही द्रव्ये भरमसाट पाझरतात, त्या फिओक्रोमोसायटोमाच्या रुग्णांची हृदये व्हॅन व्लीट आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये तपासली, आणि त्यांनाही ठिकठिकाणी मायोकार्डायटिस दिसला. निरीक्षणे अचूक होती. पेशी खरोखर तिथे होत्या. क्रम मात्र उलटा होता. खऱ्या लिम्फोसाइटिक मायोकार्डायटिसमध्ये दाहपेशी येतात आणि स्नायू मरतो. इथे स्नायू मेला आणि दाहपेशी आल्या. काप एका क्षणाचा असतो, त्यात आधी-नंतर लिहिलेले नसते. ते इतर खुणांवरून लावावे लागते: पट्टे आहेत का, मॅक्रोफेज जास्त की लिम्फोसाइट, मेलेल्या पेशी गर्दीच्या मानाने फार आहेत का, गर्दी अजून शाबूत असलेली पेशी कुरतडताना दिसते का.

लेखिकेशी माझा मतभेद इथे आहे. तिने विंचूदंशाचे प्रकरण 'विषजन्य मायोकार्डायटिस' या मथळ्याखाली घातले आहे. तिचा युक्तिवाद असा की पाठ्यपुस्तकांत, शवविच्छेदनाच्या अहवालांत हेच नाव रुळले आहे आणि विद्यार्थ्याला ते सापडले पाहिजे. मला ते पटत नाही. ज्या नावामुळे एके काळी रुग्णाला चुकीचे औषध गेले ते नाव सोयीसाठी पुढे चालवू नये. 'अ‍ॅड्रेनॅलिनने झालेली स्नायूहानी' असे लांबलचक का होईना, खरे लिहावे. पण त्या प्रकरणातली छायाचित्रे इतकी चांगली आहेत की वाचक मथळा वगळून नुसती ती पाहील तरी चालेल.

अर्थात पट्टे दिसले म्हणजे विंचू, असेही नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्याच्या हृदयात ते दिसतात. धान्यात टाकायच्या अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या पोटात गेलेल्याच्या हृदयातही दिसू शकतात. तिथे फॉस्फिन वायू पेशींचा श्वासच बंद पाडतो. मरणाच्या दारातल्या रुग्णाला वाचवण्यासाठी डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिनची इंजेक्शने दिली असतील तर तेवढ्यानेही उमटतात. आणि सर्वांत खोडकर गोष्ट म्हणजे बायोप्सीच्या चिमट्याने जिवंत स्नायूचा लचका घेतला की तुकड्याच्या कडांना असेच पट्टे पडतात. थंड फॉर्मलीनमध्ये टाकला तर अधिकच. म्हणून बायोप्सीत या पट्ट्यांवर कधीच भिस्त ठेवू नये, असे जाणते सांगतात. एकच खूण, पण मृताच्या अखंड हृदयात तिला एक किंमत आणि जिवंताच्या तुकड्यात दुसरी. असा विषय यादी पाठ करून येत नाही.

आपल्या भागात मायोकार्डायटिसची कारणे कोणती, याचे प्रकरण मला सगळ्यांत आवडले. पाश्चात्त्य पुस्तके कॉक्सॅकी विषाणूपासून सुरू होतात. लेखिकेने घटसर्पापासून सुरुवात केली आहे. लस न मिळालेल्या मुलाचा घसा बरा होतो, घरचे निर्धास्त होतात आणि दुसऱ्या आठवड्यात हृदय दगा देते. घटसर्पाच्या जंतूचे विष पेशीतले प्रथिने बनवण्याचे काम बंद पाडते. काचेखाली आधी स्नायूपेशींत चरबीचे थेंब आणि ऱ्हास दिसतो, दाहपेशी मागाहून येतात. इथेही क्रम उलटाच. मग लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस, डेंग्यू. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरच्या परिसरात स्क्रब टायफसची. दोन्ही आजार हृदयापर्यंत पोहोचतात आणि दोन्हींचे निदान रक्तावर होते, काप त्याला फक्त दुजोरा देतो.

क्षयाचे पान तर तालुक्याच्या तंत्रज्ञाने आवर्जून वाचावे. हृदयाच्या स्नायूत अनेककेंद्रकी पेशींचे पुंजके दिसले की परदेशी पुस्तक सार्कोइडोसिस किंवा जायंट सेल मायोकार्डायटिसकडे बोट दाखवते. आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा घ्यायचा, पुंजक्याच्या मधोमध दह्यासारखा नाश आहे का ते पाहायचे, आणि कापाला तोच झील-नील्सन रंग लावायचा जो बेडक्याला लावतात. हृदयाच्या दाहात गुन्हेगार काचेखाली सापडण्याची जी थोडी उदाहरणे आहेत त्यांतले हे एक, आणि तो ओळखण्याचा सराव महाविद्यालयातल्या प्राध्यापकापेक्षा गावच्या तंत्रज्ञाला जास्त असण्याचा संभव आहे.

संधिवाताच्या तापाची गोष्ट निराळी. लुडविग आशॉफ यांनी १९०४ मध्ये मारबुर्गला वर्णन केलेल्या गाठी इतक्या वैशिष्ट्यपूर्ण असतात की जंतू न दिसताही आजाराचे नाव घेता येते. मायट्रल झडपेच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या डाव्या वरच्या कप्प्याच्या तुकड्यांत त्या भारतातल्या विकृतिशास्त्रज्ञांनी पुष्कळ पाहिल्या आहेत.

एक ताजा धडाही पुस्तकात आहे. कोविडच्या काळात ट्रोपोनिनच्या प्रत्येक बिघडलेल्या रक्तचाचणीला आणि प्रत्येक अचानक मृत्यूला मायोकार्डायटिस म्हणण्याची लाट आली होती. हलुश्का आणि व्हँडर हाइड यांनी शवविच्छेदनाचे प्रसिद्ध झालेले अहवाल गोळा करून २७७ हृदयांचा आढावा घेतला. अहवालांत जेवढ्यांना मायोकार्डायटिस म्हटले होते त्यांतले पुष्कळ निकषांवर टिकले नाहीत; खरे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी असावे असा त्यांचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. विंचवाच्या वेळी जे काम काचेने केले नाही ते या वेळी तिने चोख केले.

हे काम करायला हृदये लागतात, आणि ती नीट राखलेली लागतात. महाराष्ट्रात याची परंपरा आहे. वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवत, पुढे ते टाटा मेमोरियलला गेले. त्याच महाविद्यालयाच्या केईएम रुग्णालयात आज हृदय आणि छातीच्या विकृतिशास्त्राची स्वतंत्र शाखा आहे. पण मुंबईच्या काचेखाली पोहोचण्याआधी हृदय कुठेतरी तालुक्याच्या शवविच्छेदनगृहात बाहेर काढलेले असते, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

मृत्यूचे कारण कळले नाही की अहवालात 'व्हिसेरा राखून ठेवला' असे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. विषाच्या रासायनिक तपासणीसाठी अवयवांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातात. तिथे ते योग्यच आहे. फॉर्मलीन घातले तर रासायनिक तपासणी बिघडते. पण त्याच सवयीने हृदयही मिठाच्या पाण्यात गेले तर सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टीने ते संपले. मीठ ऊती टिकवते असे वाटते, पण पेशींची रचना टिकवत नाही. काप निघतो, रंगही चढतो, आणि काचेखाली केंद्रक हरवलेला गुलाबी चिखल दिसतो. त्यावर अहवाल येतो 'ऊती कुजलेल्या, मत देता येत नाही', आणि वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या मृत्यूची फाइल तिथेच मिटते. मराठवाड्याच्या मे महिन्यात शीतपेटीविना आठ-दहा तास गेले तरी जवळपास तेच होते. यात कोणाचा आळस नसतो, दोन बरण्या वेगळ्या का लागतात हे कोणी सांगितलेलेच नसते.

लेखिकेने ते सांगितले आहे, आणि पुस्तकाचे शेवटचे प्रकरण जाफराबादच्या, भोकरदनच्या, देऊळगाव राजाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आधी वाचावे असे मी सुचवतो. मायक्रोस्कोपीसाठीचा तुकडा दहा टक्के फॉर्मलीनमध्ये, तुकड्याच्या दहा ते वीसपट द्रावणात. हृदय एकाच जागी कापून भागत नाही. दाह ठिपक्यांनी असतो, तेव्हा दोन्ही खालच्या कप्प्यांच्या भिंती आणि मधला पडदा या सगळ्यांतून तुकडे हवेत. बरणी रुंद तोंडाची, कारण फॉर्मलीनमध्ये कडक झालेला तुकडा अरुंद तोंडातून बाहेर येत नाही.

तुकड्यांसोबत जाणाऱ्या कागदाविषयी तिने जे लिहिले आहे त्यात मी थोडी भर घालतो. त्या कागदावर बहुधा नाव, वय आणि 'अचानक मृत्यू' एवढेच असते. काचेसमोर बसलेल्या माणसाला त्यातून काहीच मिळत नाही. मृत्यू आणि शवविच्छेदन यांत किती तास गेले, ते लिहावे. शेवटच्या घटकेला अ‍ॅड्रेनॅलिन, डोपामिन यांतले काय दिले आणि किती वेळा, ते लिहावे. आधीच्या दोन आठवड्यांत ताप, घशाचा आजार, नवे औषध, फवारणी किंवा दंश झाला होता का, हे घरच्यांना विचारून लिहावे. आणि विंचू चावला असेल तर चावल्याची वेळ घड्याळातली लिहावी, नुसते 'रात्री' नको, कारण पट्टे, मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट यांचा हिशेब त्या तासांपासून सुरू होतो.